घटक ४ : हस्तलिखित टिपणे आणि डिजिटल वही : ॲपची निवड

अनुक्रम

४.० उद्दिष्टे
४.१ प्रास्ताविक
४.२ विषय-विवेचन
४.२.१ टिपण, बाड आणि पोथी
४.२.२ हाताने लिहिण्याचे प्रयोजन
४.२.३ कागद, बोट की लेखणी?
४.२.४ देवनागरी हस्ताक्षर आणि यंत्र
४.२.५ निवडीच्या कसोट्या
४.२.६ काही प्रचलित ॲप्स
४.२.७ एक उदाहरण : सिहोरा
४.३ सारांश
४.४ पारिभाषिक व कठीण शब्द
४.५ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे
४.६ सरावासाठी स्वाध्याय व उपक्रम

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :

• मराठीतील हस्तलिखित नोंदींच्या परंपरेचा आजच्या डिजिटल टिपणांशी असलेला संबंध सांगता येईल.
• हस्तलिखित टिपणे डिजिटल स्वरूपात ठेवण्याच्या तीन पद्धती स्पष्ट करता येतील.
• देवनागरी हस्ताक्षर ओळखताना यंत्रास येणाऱ्या अडचणी सोदाहरण मांडता येतील.
• आपली परिस्थिती आणि जवळची साधने ध्यानात घेऊन योग्य ॲपची निवड करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याजवळ अभ्यासाची तीन साधने असतात : अध्ययन पुस्तिका, संपर्कसत्रे आणि स्वतः लिहिलेली टिपणे. पहिली दोन साधने विद्यापीठ पुरविते. तिसरे साधन मात्र सर्वस्वी आपले असते. पुस्तिका हरवली तर दुसरी मिळते. स्वतःचे टिपण हरवले तर ते दुसरीकडे कोठेही मिळत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उजळणीसाठी हाताशी येणारे साधन बहुधा हेच असते.

अलीकडे ही टिपणे भ्रमणध्वनीवर किंवा टॅबवर ठेवण्याकडे कल वाढला आहे. त्यासाठी अनेक ॲप्स उपलब्ध आहेत. कोणत्या ॲपमध्ये शाईचे रंग अधिक आहेत, कोणत्या ॲपमधील कागद सुबक दिसतो, कोणते विनामूल्य आहे, असे प्रश्न निवडीच्या वेळी सहसा विचारले जातात. ते निरर्थक नाहीत, पण दुय्यम आहेत. ज्या प्रश्नाने निवड ठरावी तो असा : हे ॲप उद्या बंद पडले, महाग झाले किंवा माझा फोन बदलला, तर माझी टिपणे मला वाचता येतील काय? प्रस्तुत घटकाची मांडणी या प्रश्नाभोवती केली आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्या वाङ्मयाचा इतिहासही उपयोगी पडतो. म्हणून आरंभ तेथूनच करू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ टिपण, बाड आणि पोथी

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ मूलतः संकलित नोंदींतून सिद्ध झालेला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याजवळ होत्या त्यांना गाठून त्या गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्या तपासून घेतल्या. हे कार्य आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यानंतर निरनिराळ्या अनुयायांच्या स्मरणातून ग्रंथाचा पाठ पुन्हा सिद्ध करावा लागला. ‘लीळाचरित्रा’च्या पाठभेदांमागील हे एक महत्त्वाचे कारण आहे. एकच प्रत असणे किती धोक्याचे असते, हे मराठीच्या पहिल्याच गद्यग्रंथाने आपल्याला शिकविले आहे.

या परंपरेतील दुसरी घटना आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. सकळ लिपीत मुख्यतः एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह योजलेले असते. संकेत ठाऊक असलेल्यास पोथी वाचता येई. इतरांना ती हाती असूनही अगम्य राही. पवित्र ग्रंथांचे रक्षण हा त्यामागील हेतू होता आणि तो सफलही झाला. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, मराठीचे हे मोठे धन कित्येक शतके पंथाबाहेरील वाचकांस अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि त्यानंतर हे वाङ्मय अभ्यासकांसमोर येऊ लागले. पोथ्या नष्ट झालेल्या नव्हत्या. त्या वाचण्याची किल्ली मोजक्या लोकांच्या हाती होती, एवढेच.

याउलट रामदासी संप्रदायातील ‘बाडे’ पाहावीत. बाड म्हणजे निरनिराळे अभंग, आरत्या, प्रकरणे, हिशेब आणि औषधांचे पाठसुद्धा एकत्र उतरवून घेतलेली वैयक्तिक वही. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून अशी बाडे जमविली; धुळे येथील संग्रहात ती जतन झाली आहेत. बाड कोणालाही उघडता येई, वाचता येई आणि उतरवूनही घेता येई. एका बाडाचा नाश झाला तरी त्यातील रचना दुसऱ्या बाडात शिल्लक राहण्याचा संभव होता.

आता डिजिटल युगाकडे वळू. संगणकावर मराठी लिहिण्याच्या पहिल्या काही दशकांत निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी टंक आपापल्या स्वतंत्र संकेतांवर चालत. एका टंकात तयार केलेली फाइल तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. मुद्रणालयांत आणि लेखकांच्या संग्रही अशा अनेक फाइली आजही पडून आहेत. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीचा प्रसार झाल्यावर ही अडचण दूर झाली. देवनागरी युनिकोडमध्ये प्रथमपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. मोडी लिपीचा समावेश २०१४ मध्ये झाला.

या तिन्ही उदाहरणांचा इत्यर्थ एकच आहे. लेखन टिकण्यासाठी त्याच्या अनेक प्रती असाव्या लागतात आणि ते सर्वांना वाचता येईल अशा स्वरूपात असावे लागते. बहुतेक टिपण-ॲप्स आपली टिपणे स्वतःच्या खास स्वरूपात साठवितात. ते स्वरूप सहसा त्याच ॲपला उलगडते. अर्थात, ते आपल्या काळातील सकळ लिपीसारखे असते. फरक इतकाच की, सकळ लिपीची किल्ली पंथाजवळ होती. ॲपची किल्ली ज्या कंपनीजवळ असते तिचा आणि आपला संबंध केवळ ग्राहकाचा असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) ‘लीळाचरित्रा’त पाठभेद निर्माण होण्याचे एक प्रमुख कारण कोणते?
(आ) सकळ लिपीतील पोथी आणि रामदासी बाड यांत वाचनाच्या दृष्टीने कोणता भेद आहे?

४.२.२ हाताने लिहिण्याचे प्रयोजन

टंकलेखन वेगाने होत असताना हाताने का लिहावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०१४ मध्ये पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या अमेरिकेतील संशोधकांनी याविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे उतरवितात, तर हाताने लिहिणारे विद्यार्थी आशय संक्षेपाने मांडतात आणि संकल्पनांवरील प्रश्नांना अधिक चांगली उत्तरे देतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक आढळला नाही. म्हणून ‘हाताने लिहिले की लक्षात राहतेच’ असा सरसकट नियम सांगणे योग्य ठरणार नाही. संक्षेप करण्याची कृती लाभदायक असते आणि हाताचा मंद वेग तिला भाग पाडतो, एवढे म्हणता येईल.

मराठीच्या विद्यार्थ्याबाबत आणखी दोन कारणे आहेत. पहिले व्यावहारिक : परीक्षेत उत्तरे हातानेच लिहावयाची असतात आणि काही तास सलग, सुवाच्य लिहिण्याची सवय मोडलेली असेल तर ज्ञान असूनही उत्तर अपुरे राहते. दुसरे अभ्यासविषयाचे : मात्रा-गणांच्या खुणा, ओवीचे चरण, पाठभेदांचे तक्ते, कथानकाचे रेखाटन, समासांत केलेल्या नोंदी हे सर्व कळफलकावर करणे कष्टाचे असते. हाताला ते सहज साधते.

४.२.३ कागद, बोट की लेखणी?

हस्तलिखित टिपण डिजिटल स्वरूपात आणण्याच्या तीन पद्धती आहेत. ॲप निवडण्यापूर्वी पद्धत निवडावी, कारण प्रत्येक पद्धतीस वेगळ्या प्रकारचे ॲप लागते.

पहिली पद्धत : कागदावर लिहून त्याची प्रतिमा घेणे. यास वही, पेन आणि साधा कॅमेरा असलेला फोन पुरतो. स्कॅन करणारे ॲप पानाच्या कडा ओळखते, तिरपेपणा सरळ करते, सावली कमी करते आणि अनेक पानांची एक पीडीएफ फाइल तयार करते. साध्या छायाचित्रापेक्षा स्कॅन सोयीचा असतो. फोनने काढलेले एका पानाचे छायाचित्र साधारण तीन एमबीचे धरले तर चारशे पानांस सुमारे १.२ जीबी जागा लागेल. तेच पान कृष्णधवल स्कॅन करून ३०० केबीचे झाले तर चारशे पाने सुमारे १२० एमबीमध्ये मावतील. शिवाय छायाचित्रे घरच्या समारंभांच्या छायाचित्रांत मिसळून जातात. पीडीएफ वेगळी राहते.

दुसरी पद्धत : फोनच्या पडद्यावर बोटाने किंवा साध्या रबरी टोकाच्या लेखणीने लिहिणे. एखादा शब्द, एखादी आकृती यांपलीकडे ही पद्धत उपयोगी नाही. पडदा लहान, टोक जाड. त्यामुळे एका पडद्यावर तीन-चार ओळी मावतात. मराठीत शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली मात्रा, वेलांट्या, उकार येत असल्याने ओळींत अधिक अंतर सोडावे लागते आणि जागा आणखी अपुरी पडते.

तिसरी पद्धत : टॅबवर सक्रिय लेखणीने लिहिणे. सक्रिय लेखणीस टोकावरील दाब कळतो. हात पडद्यावर टेकला तरी टॅब तो दुर्लक्षितो. येथे लेखन प्रतिमा म्हणून न साठविता रेषांच्या रूपाने साठविले जाते. त्यामुळे लिहिलेला परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवता येतो, रंग बदलता येतो, मध्ये जागा करता येते. सोय मोठी आहे, पण खर्चही मोठा आहे. लेखणी अनेकदा वेगळी विकत घ्यावी लागते. टॅब घरात आधीपासून असेल किंवा अन्य कामासाठी लागणारच असेल तर ही पद्धत जरूर स्वीकारावी. केवळ टिपणांसाठी कर्ज काढून किंवा हप्ते बांधून टॅब घेण्याचे कारण नाही. बी.ए.च्या अभ्यासक्रमास पहिली पद्धत पूर्णपणे पुरेशी आहे.

४.२.४ देवनागरी हस्ताक्षर आणि यंत्र

अनेक ॲप्सच्या जाहिरातींत ‘हस्ताक्षराचे टंकित मजकुरात रूपांतर’ आणि ‘हस्ताक्षरात शोध’ या दोन सोयी ठळकपणे सांगितलेल्या असतात. त्या इंग्रजीसाठी आहेत की मराठीसाठीही, हे तपासल्याखेरीज त्यांवर विसंबू नये.

यंत्र हस्ताक्षर दोन प्रकारे ओळखते. पडद्यावर लिहीत असताना प्रत्येक रेषा कोठे सुरू झाली, कोठे संपली आणि कोणत्या क्रमाने आली, हे यंत्रास कळत असते. कागदाच्या प्रतिमेत हा क्रम नसतो. केवळ अंतिम आकृती असते. म्हणून दुसरे काम अधिक अवघड असते. छापील देवनागरी मजकूर ओळखण्यात यंत्रांनी बरीच प्रगती केली आहे. कागदावरील घाईच्या मराठी हस्ताक्षराबाबत तसे म्हणता येत नाही.

देवनागरीच्या काही वैशिष्ट्यांमुळे अडचण वाढते.

(१) शिरोरेषा : कोणी प्रत्येक अक्षरावर रेघ देतो, कोणी शब्द पूर्ण झाल्यावर एकच रेघ ओढतो, तर कोणी रेघ देतच नाही. शब्द कोठे संपला हे ठरविताना यंत्र गोंधळते.

(२) दृश्य क्रम आणि उच्चारक्रम : ‘मिळणे’ या शब्दात पहिली वेलांटी ‘म’च्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. युनिकोडमध्येही ती ‘म’नंतरच साठविली जाते.

(३) ‘र’ची रूपे : ‘सूर्य’, ‘ग्रह’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत ‘र’ चार निरनिराळ्या आकारांत येतो. त्यांतील ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांमधील ‘ऱ्’ हा मराठीचा विशेष आहे.

(४) ‘ल’ आणि ‘श’ची वळणे : मराठीत रूढ असलेली ही वळणे हिंदीतील वळणांहून भिन्न आहेत. हिंदीच्या नमुन्यांवर घडविलेले यंत्र येथे चुकू शकते. तुमसर तालुक्यासारख्या सीमेलगतच्या भागात दोन्ही वळणे वापरात आढळतात, ही गोष्टही ध्यानात घ्यावी.

(५) जोडाक्षरे : ‘वाङ्मय’, ‘उद्गार’, ‘ज्ञानेश्वरी’ यांसारखे शब्द प्रत्येक जण आपल्या पद्धतीने जोडून लिहितो.

ॲप मराठी हस्ताक्षर ओळखते असा दावा असेल तर स्वतः चाचणी घ्यावी. पुढील आठ शब्द आपल्या नेहमीच्या वेगाने लिहावेत : लीळाचरित्र, वाङ्मय, दऱ्या, तऱ्हा, राष्ट्र, श्लोक, उद्गार, ज्ञानेश्वरी. त्यांपैकी सहा शब्द अचूक ओळखले गेले तर सोय उपयोगी समजावी. त्याहून कमी ओळखले गेले तर टिपणांवर स्वतः शीर्षक टंकित करण्याचा मार्ग स्वीकारावा. प्रत्येक फाइलला देवनागरीत युनिकोड टंकात नाव दिले की शोधाचा निम्मा प्रश्न सुटतो. उदाहरणार्थ, ‘प्राचीन वाङ्मय–०३–लीळाचरित्र–पाठभेद’ हे नाव असलेली फाइल कोणत्याही फोनवर किंवा संगणकावर नावावरून सापडू शकते. त्यासाठी यंत्राने हस्ताक्षर वाचण्याची गरज राहत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

(अ) पडद्यावर लिहिलेले हस्ताक्षर कागदाच्या प्रतिमेतील हस्ताक्षरापेक्षा यंत्रास सुलभ का वाटते?
(आ) ‘र’ची चार रूपे दाखविणारे शब्द लिहा.

४.२.५ निवडीच्या कसोट्या

पुढील कसोट्या महत्त्वाच्या क्रमाने दिल्या आहेत. पहिल्या कसोटीस न उतरलेल्या ॲपचा विचार तेथेच थांबवावा.

पहिली कसोटी : निर्यात. संपूर्ण वही एकदम, विनामूल्य आणि पीडीएफ स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजे. पीडीएफ हे २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेले स्वरूप आहे. कोणत्याही एका कंपनीच्या ॲपवर ते अवलंबून नाही. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ नेली तर तिची छापील प्रत मिळते. ॲपच्या खास स्वरूपातील फाइल नेली तर दुकानदारास ती बहुधा उघडताही येणार नाही. एकेक पान वेगळे बाहेर काढावे लागत असेल तर तीही अपुरी सोय समजावी, कारण दोनशे पानांच्या वेळी ते काम होत नाही.

या कसोटीस प्रथम स्थान का, हे तीन घटनांवरून कळेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नोटॅबिलिटी’ हे हस्तलेखनाचे ॲप एकदाच किंमत घेण्याची पद्धत सोडून वार्षिक वर्गणीकडे वळले. जुन्या ग्राहकांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर कंपनीने त्यांच्या सोयी कायम ठेवल्या. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एव्हरनोट’ने विनामूल्य वापरावर एक वही आणि पन्नास टिपणे अशी मर्यादा घातली. गूगलचा ‘जॅमबोर्ड’ हा हाताने लिहिण्याचा डिजिटल फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. त्यावरील लेखन मुदतीपूर्वी पीडीएफ किंवा अन्य स्वरूपात काढून घेण्याची सोय होती. तिन्ही ठिकाणी नियम कंपनीने बदलले आणि ज्यांच्याजवळ निर्यात केलेल्या प्रती होत्या ते निश्चिंत राहिले.

दुसरी कसोटी : इंटरनेटविना वापर. टिपण लिहिणे, उघडणे आणि वाचणे या तिन्ही गोष्टी जोडणी नसतानाही झाल्या पाहिजेत. फोन ‘विमान’ स्थितीत ठेवून आठवड्यापूर्वीचे टिपण उघडून पाहावे. एका मिनिटात उत्तर मिळते.

तिसरी कसोटी : प्रती. एकाच टिपणाच्या किमान तीन प्रती असाव्यात : एक कागदावर किंवा फोनमध्ये, दुसरी क्लाउडवर, तिसरी मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या विश्वासू व्यक्तीच्या फोनमध्ये. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सिंक म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. सिंक चालू असताना एका उपकरणावर टिपण पुसले तर ते सर्वत्र पुसले जाते.

चौथी कसोटी : शोध व मांडणी. विषयवार वह्या, घटकवार विभाग आणि देवनागरीत शीर्षक देण्याची सोय असावी.

पाचवी कसोटी : खर्च. आजची किंमत पाहताना तीन वर्षांचा एकूण खर्च काढावा. वर्गणी थांबविल्यावर जुनी टिपणे केवळ वाचता येतात, की तीही बंद होतात, हे नियमांत पाहावे.

सहावी कसोटी : खासगीपणा. टिपणांच्या ॲपला कॅमेरा आणि साठवण यांची परवानगी लागणे योग्य आहे. संपर्कयादी किंवा संदेश वाचण्याची परवानगी ते मागत असेल तर सावध व्हावे. घरात एकच फोन अनेकांच्या हाती असेल तर ॲपला किंवा विशिष्ट वहीला कुलूप लावण्याची सोय आहे का, हेही पाहावे.

४.२.६ काही प्रचलित ॲप्स

येथे दिलेली माहिती दिशादर्शक आहे. ॲप्सचे नियम बदलत असल्याने घेण्यापूर्वी वरील कसोट्या स्वतः लावाव्यात.

गूगल ड्राइव्ह : अँड्रॉइड फोनवर यातच कागद स्कॅन करून पीडीएफ करण्याची सोय आहे. गूगल खात्यासोबत १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. परंतु ई-मेल आणि छायाचित्रे यांनाही तीच जागा पुरवावी लागते. पहिल्या पद्धतीने काम करणाऱ्यांना हे पुरेसे आहे.

गूगल कीप : छोट्या टंकित नोंदी, याद्या आणि छायाचित्रे यांसाठी सोयीचे. यात बोटाने रेखाटन करता येते; पण दीर्घ हस्तलिखित वहीसाठी त्याची रचना नाही. टिपणांची सूची ठेवण्यासाठी ते उत्तम आहे.

मायक्रोसॉफ्ट वननोट : वही, विभाग, पान अशी मांडणी असल्याने अभ्यासास अनुकूल. फोन, टॅब आणि संगणक या तिन्हींवर चालते. सोबत मिळणारी ५ जीबीची विनामूल्य जागा प्रतिमा अधिक असल्यास लवकर भरते. पूर्ण वहीची पीडीएफ करण्यासाठी संगणकावरील आवृत्ती अधिक सोयीची आहे.

सॅमसंग नोट्स : सॅमसंगच्या टॅबवर लेखणीने लिहिणाऱ्यांसाठी. पीडीएफमध्ये निर्यात करता येते. स्वतःचे खास स्वरूपही आहे. फोन वेगळ्या कंपनीचा घेतल्यास ते अडचणीचे ठरते. म्हणून दर महिन्याला पीडीएफ काढून ठेवावी.

गुडनोट्स : मूळचे आयपॅडसाठी प्रसिद्ध. विनामूल्य वह्यांची संख्या मर्यादित असते. पुढे पैसे भरावे लागतात.

झुर्नल प्लस प्लस : संगणकासाठीचे मुक्तस्रोत आणि विनामूल्य ॲप. अध्ययन पुस्तिकेच्या पीडीएफवरच समासात लिहिता येते. लेखणी जोडलेला संगणक असल्यास विचार करण्याजोगे.

४.२.७ एक उदाहरण : सिहोरा

वरील विवेचन एका परिस्थितीस लावून पाहू. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात सिहोरा हे गाव आहे. परिसर धानशेतीचा. तेथील एका विद्यार्थिनीची कल्पना करा. ती बी.ए.च्या द्वितीय वर्षास आहे, दिवसा काम करते आणि रोवणीच्या दिवसांत तिला वही उघडण्यास फारसा वेळ मिळत नाही. घरात एक अँड्रॉइड फोन आहे आणि तो शाळकरी मुलाच्याही हाती असतो. संपर्कसत्रासाठी ती तुमसरला जाते. ‘टॅब घेतला तर अभ्यास नीट होईल’, असे तिला कोणीतरी सुचविले आहे.

प्रथम गरज पाहू. तिला परीक्षेत हाताने लिहावयाचे आहे आणि वही-पेन तिच्या हातचे आहे. तेव्हा लेखन कागदावरच राहावे. तिची अडचण लेखनाची नाही. वही घरी असताना तुमसरच्या वाटेवर उजळणी करता येत नाही आणि पावसाळ्यात वही भिजली तर दुसरी प्रत नाही, या तिच्या खऱ्या अडचणी आहेत. या दोन्हींवर स्कॅन हा उपाय आहे, टॅब नाही.

आता कसोट्या लावू. गूगल ड्राइव्हमधील स्कॅन थेट पीडीएफ देतो. पहिली कसोटी पूर्ण होते. फाइल फोनमध्ये उतरवून ठेवली तर इंटरनेटविना उघडते. दुसरी पूर्ण होते. कागद, फोन आणि ड्राइव्ह मिळून तीन प्रती होतात. तरीही फोन मुलाच्या हाती असल्याने मेमरी कार्डवर चौथी प्रत ठेवणे इष्ट. शोधासाठी ती प्रत्येक फाइलला विषय, घटक क्रमांक आणि शीर्षक देवनागरीत देते, आणि गूगल कीपमध्ये एक सूची ठेवते. नवा खर्च शून्य.

तिचा क्रम असा राहील : पानाच्या एका बाजूस गडद शाईने, समास सोडून लिहिणे, प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात घटक व पृष्ठ क्रमांक घालणे, दर रविवारी वीस मिनिटांत आठवड्याची पाने उजेडात स्कॅन करणे, फाइलला नाव देणे, महिन्याच्या अखेरीस मेमरी कार्डवर उतरविणे आणि यादृच्छिकपणे एक फाइल उघडून पाहणे. शेवटची पायरी टाळू नये. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती प्रत आहे असे समजणे धोक्याचे असते.

हीच विद्यार्थिनी पुढे टॅब घेईल तेव्हा तिने निवडलेले ॲप बदलेल. फाइलींची नावे, पीडीएफची सवय आणि प्रतींचा नियम तोच राहील. एखाद्या सहाध्यायिनीस लीळाचरित्रावरील टिपण हवे असेल तर ते तिला पाठविता येईल आणि पाठविलेले टिपण तिला कोणतेही विशिष्ट ॲप न घेता वाचता येईल. बाडांच्या काळी एकमेकांची वही उतरवून घेण्याची जी रीत होती, तिचेच हे आजचे रूप होय.

४.३ सारांश

हस्तलिखित टिपण हे दूरशिक्षणातील विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि अन्यत्र न मिळणारे साधन आहे. ‘लीळाचरित्रा’च्या हरवलेल्या प्रतीवरून अनेक प्रतींची, सकळ लिपीच्या इतिहासावरून खुल्या स्वरूपाची आणि जुन्या मराठी टंकांच्या अनुभवावरून सर्वमान्य संकेताची आवश्यकता स्पष्ट होते. टिपणे डिजिटल करण्याच्या तीन पद्धतींपैकी कागदावर लिहून स्कॅन करणे बहुतेक विद्यार्थ्यांस पुरेसे आहे. देवनागरी हस्ताक्षर ओळखण्याच्या यंत्राच्या मर्यादा लक्षात घेऊन फाइलला देवनागरीत नाव देण्याची शिस्त पाळावी. ॲप निवडताना निर्यात, इंटरनेटविना वापर, प्रती, शोध, खर्च आणि खासगीपणा या क्रमाने विचार करावा. ॲपमध्ये टिपण कसे शिरते यापेक्षा ते बाहेर कसे येते, याला अधिक महत्त्व द्यावे.

४.४ पारिभाषिक व कठीण शब्द

बाड : निरनिराळ्या रचना व नोंदी उतरवून घेतलेली हस्तलिखित वही.
सकळ लिपी : महानुभाव पंथातील एक सांकेतिक लिपी.
युनिकोड : जगातील लिप्यांतील अक्षरांना निश्चित संकेतांक देणारी प्रणाली.
निर्यात : ॲपमधील मजकूर अन्यत्र वापरता येईल अशा स्वरूपात बाहेर काढणे.
सिंक : एका उपकरणावरील बदल अन्य उपकरणांवर आपोआप होणे.
क्लाउड : इंटरनेटद्वारे वापरावयाची, दूरस्थ संगणकांवरील साठवण.
मुक्तस्रोत : ज्याची मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यास व बदलण्यास खुली असते असे.

४.५ स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) मूळ प्रत नष्ट झाल्याने निरनिराळ्या अनुयायांच्या स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करावा लागला. (आ) सकळ लिपीतील पोथी संकेत जाणणाऱ्यासच वाचता येई. बाड साक्षर असलेल्या कोणासही वाचता व उतरवून घेता येई.

प्रश्न २ : (अ) पडद्यावर लिहिताना रेषांचा आरंभ, शेवट आणि क्रम यंत्रास कळतो, प्रतिमेत केवळ अंतिम आकृती असते. (आ) सूर्य, ग्रह, राष्ट्र, दऱ्या.

४.६ सरावासाठी स्वाध्याय व उपक्रम

(१) ‘ॲपचे खास स्वरूप म्हणजे आधुनिक सकळ लिपी’ या विधानाची साम्ये आणि भेद दाखवून चर्चा करा.
(२) हस्तलिखित टिपणे डिजिटल करण्याच्या तीन पद्धतींची तुलना करा.
(३) देवनागरी हस्ताक्षर ओळखताना यंत्रास येणाऱ्या अडचणी सोदाहरण लिहा.
(४) टिपा लिहा : (अ) बाड (आ) युनिकोड आणि मराठी (इ) सिंक व प्रत यांतील भेद.

उपक्रम : आपण सध्या वापरत असलेल्या ॲपमधील किंवा वहीतील कोणत्याही एका घटकाची टिपणे पीडीएफ स्वरूपात काढा. ती फाइल दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवर इंटरनेट बंद ठेवून उघडा आणि झेरॉक्सच्या दुकानातून तिचे एक पान छापून घ्या. या तीन पायऱ्यांपैकी कोठे अडचण आली ते नोंदवा आणि पुढील संपर्कसत्रात त्यावर चर्चा करा.